कोपऱ्यातला रिकामा गोल

तू सर्वांत जास्त ऋणी कोणाचा, असं मला कोणी विचारलं तर मी एकच नाव घेईन, मद्रासच्या डॉक्टर पंचनदरावांचं. वडील रेल्वेत पॉइंट्समन होते, सहीच्या जागी अंगठा उठवायचे, तरी त्यांनी मला शाळेतून काढलं नाही. कुर्डुवाडीच्या मास्तरांनी मला सोलापूरच्या कॉलेजापर्यंत पोचवलं. घरातला पहिला पदवीधर म्हणून माझ्या गळ्यात हार पडला, तो दिवस मी विसरलेलो नाही. पण हे लिहीत असताना माझी धाकटी बहीण शांता शेजारच्या खोलीत तिच्या मुलीवर ओरडते आहे. चार दिवस माहेरपणाला आली आहे. तिचा तो आवाज मला डॉक्टरांमुळे ऐकायला मिळतो. ते असते तर त्यांनी हे वाक्य खोडलं असतं. "वसंता, आपण कोणाला वांचवत नाहीं," ते म्हणाले असते. "आपण अंदाज करतों. पुढें त्याचें नशीब आणि त्याचें वागणें."

ते गेल्याची बातमी मामींच्या पत्राने आली. मामी म्हणजे डॉक्टरांच्या पत्नी. मद्रासेत वडीलधाऱ्या बाईला मामी म्हणतात, तसं मीही म्हणू लागलो. ही तंजावरकडची मराठी मंडळी, कित्येक पिढ्यांपूर्वी तिकडे गेलेली. घरात मराठी बोलायची, पण मामींची शाळा तमिळ. त्यामुळे त्या मराठी लिहायच्या ती तमिळ अक्षरांत. मद्रासेत असताना मी ती अक्षरं शिकलो खरा, पण अजून मला ती एकेक जुळवत मोठ्याने वाचावी लागतात. दोन वर्षांपूर्वी मी सोलापूरला परत आलो. इथे टपालवाल्याने ते पत्र हातात दिलं आणि मी अंगणातच उभा राहून अक्षरं लावत गेलो. वाक्य पुरं होईपर्यंत आपण काय वाचतो आहोत हे मला कळलंच नाही... 'तुमचे डॉक्टर मंगळवारीं झोपेंतच...' शांता तेव्हाही माहेरी आलेली होती, ती दारात येऊन उभी राहिली होती. माझ्याच तोंडून तिने ते ऐकलं होतं.

साठ सालच्या थोडं आधी मी मद्रासला गेलो. एका मोठ्या रुग्णालयात हृदयाचा आलेख काढायच्या यंत्रावर माणूस हवा होता, पदार्थविज्ञानाचा पदवीधर चालेल, अशी जाहिरात होती. वडिलांच्या रेल्वे पासवर मी मेलने निघालो आणि मद्रासच्या स्टेशनावर उतरलो तेव्हा एक अक्षर कळत नव्हतं. मुलाखतीच्या खोलीत टेबलापलीकडे एक उंच, सावळे गृहस्थ बसले होते. अंगात पांढरा कोट, कपाळावर अंगाऱ्याची बारीक काळी रेघ. माझा अर्ज वाचता वाचता ते एकदम मराठीत बोलले, पण ते मराठी असं की आजोबांच्या काळचं कोणी बोलतंय.

"कुर्डुवाडी म्हणजे मेल पाणी घ्यायला थांबते तेंच की?"

"हो साहेब."

"मी एकदां उतरलों होतों. चहा फार वाईट."

"आता सुधारलाय, साहेब," मी म्हणालो. मला दुसरं काही सुचलंच नाही.

ते मोठ्याने हसले. पोराला नोकरी चहावर लागली, असं पुढे ते सगळ्यांना सांगायचे, आणि दर वेळी मी लाजायचो.

त्या दिवसांत डॉक्टरांचं सगळं लक्ष एका आजाराकडे लागलं होतं. या आजारात हृदयाचा स्नायूच जाड होत जातो, विशेषतः दोन कप्प्यांमधली भिंत, आणि रक्त बाहेर पडायची वाट चिंचोळी होते. माणूस दिसायला धडधाकट असतो, बहुधा तरुण. एक दिवस धावताना किंवा ओझं उचलताना तो पडतो आणि उठत नाही. हा आजार घराण्यात चालतो. विलायतेच्या मासिकांत त्याबद्दल तेव्हा नुकतं कुठे येऊ लागलं होतं; त्याचं एक ठरलेलं नावसुद्धा नव्हतं. आमच्याजवळ होती छातीला लावायची नळी, क्ष-किरणांचा फोटो आणि माझं यंत्र. औषध म्हणावं असं काही नव्हतं. म्हणून डॉक्टर म्हणायचे की आपल्या हातांत एकच काम आहे, यांतला कोण पडेल ते आधी ओळखायचं आणि त्याला धावू द्यायचं नाही.

ते रुग्णाला आधी उकिडवं बसवायचे, मग उभं करायचे आणि छाती ऐकायचे. उभं राहिल्यावर आतला आवाज वाढला की डोळे मिटून मान हलवायचे. तिकडची माणसं पिळ्ळैयारपुढे, म्हणजे गणपतीपुढे, कान धरून उठाबशा काढतात. त्यामुळे 'बस, ऊठ' म्हटलं की रुग्णाचे हात आपोआप कानांकडे जायचे. डॉक्टर त्यांना तमिळमध्ये सांगायचे, "कान सोड, अप्पा. मी पिळ्ळैयार नाही, माझं फक्त पोट त्याच्यासारखं आहे." भेदरलेला माणूस हसायचा. मग ते पुन्हा ऐकायचे. हसून झाल्यावर छाती खरं बोलते, असं त्यांचं मत.

पण त्यांचा खरा भरवसा होता कागदावर. प्रत्येक रुग्णाच्या घराण्याचा एक कागद ते करायचे. मामी रोज सकाळी दारात ठिपके मांडून, त्यांना रेघांनी जोडून रांगोळी घालायच्या. तिला तिकडे कोलम म्हणतात. डॉक्टरांचा कागद तसाच दिसायचा. माणशी एक गोल, आईबाप आणि मुलं रेघांनी जोडलेली. जो अचानक गेला त्याचा गोल काळा भरायचा. काळे गोल किती, गेले ते कोणत्या वयात, रुग्णाला भोवळ येते का, आवाज कसा, आलेख कसा, हे सगळं बघून ते कागदाच्या डोक्यावर एक, दोन किंवा तीन रेघा ओढायचे. एक रेघ म्हणजे जपून राहा. तीन रेघा म्हणजे हा माणूस सायकलसुद्धा चालवणार नाही. लिहायचे नेहमी पेन्सिलीने. "माणसें नंतर आठवतात," ते म्हणायचे, "म्हणून पेन्सिल."

तंजावरी मराठी घरांसाठी त्यांची एक खास रीत होती. घरात कोण कशाने गेलं असं ते विचारायचे नाहीत. लोक बिचकतात, आणि अर्ध्यांना आठवतही नाही. ते विचारायचे, "घरांत श्राद्धें कोणाकोणाचीं करतां?" की घरातला वडील माणूस नाव, तिथी, वय, सगळं घडाघडा सांगायचा. डॉक्टर स्वतः वडिलांचं श्राद्ध न चुकता करायचे. "आमची माणसें औषधाचा डोस विसरतील, तिथी विसरणार नाहींत," असं ते अभिमानाने म्हणायचे. मलाही ती युक्ती फार हुशारीची वाटायची.

मी रुजू झाल्यावर शिकायचं म्हणून त्यांनी मला पहिला कागद माझ्याच घराचा काढायला लावला. आजोबा म्हातारपणाने, पणजोबा पटकीने, एक आत्या बाळंतपणात. सगळे गोल पांढरे. एक गोल मी काढलाच नाही. माझा मोठा भाऊ विठ्ठल शाळेच्या शर्यतीत पहिला आला, दोरीच्या पलीकडे चार पावलं गेला आणि पडला. तो पंधरा वर्षांचा होता, मी नऊ. ऊन लागलं, असं सगळे म्हणाले. त्यानंतर आईने त्याचं नाव घेतलं नाही, म्हणून घरात कोणीच घेतलं नाही. पितरांच्या पंधरवड्यात त्याचं पान कधी वाढलं गेलं नाही. मेलेल्यांत त्याची गणती नव्हती आणि जिवंतांत तर तो नव्हताच... हे झालं एक कारण. दुसरं कारण असं की मला भीती वाटली. आठवडाभर डॉक्टरांचं बोलणं ऐकून एवढं मला समजलं होतं की तो गोल काढला तर काळा भरावा लागणार, आणि मग माझ्या नावावरही रेघ येणार. ज्या घराने पोटाला चिमटा घेऊन एक पदवीधर केला, त्याच्या छातीत काही निघालं तर? मी कागद तसाच दिला. डॉक्टरांनी तो बघितला आणि खणात ठेवून दिला.

राघवेंद्र आमच्याकडे आला तो दुसऱ्या वर्षी. गिंडीच्या औद्योगिक वसाहतीत एका छोट्या कारखान्यात तो लेथ चालवायचा. पंचवीस-सव्वीसचा, तंजावरच्याच मराठी घराण्यातला. बस पकडायला धावला आणि भोवळ येऊन पडला. उठून कपडे झटकले, पण फोरमनने बळेच पाठवलं. आवाज होता. आलेखातल्या लाटा उंच होत्या. डॉक्टरांनी घरच्यांना बोलावलं. चुलते आले, खांद्यावर उपरणं, आवाज खणखणीत. त्यांच्या मागे आई, तुळजाबाई, दाराच्या चौकटीला धरून उभ्या राहिल्या. नेहमीचा प्रश्न झाला आणि चुलत्यांनी नेहमीसारखं सांगितलं: राघवेंद्राचे वडील माघ वद्य अष्टमीला, टायफॉइडने, आजोबा श्रावण शुद्ध दशमीला, दम्याने, ऐंशीच्या घरात, पणजोबा काशीला. एकही गोल काळा नाही. डॉक्टरांनी डोक्यावर एक रेघ ओढली.

"लेथ चालव. धावूं नको, जड उचलूं नको. तीन महिन्यांनीं दाखव."

"आणि बस सुटली तर?" राघवेंद्राने विचारलं.

"दुसरी येते."

"टी. नगरच्या बसची वाट तुम्हीं कधीं पाहिली नाहीं वाटतें, डॉक्टर!"

सगळे हसलो. तुळजाबाई हसल्या नाहीत. त्या काहीतरी बोलायला पुढे झाल्या होत्या, असं मला आज वाटतं. पण चुलते उठले, आणि मी रुग्णाच्या हातापायांना बांधायचे पट्टे पुसत होतो...

त्याच सुमाराला वडिलांचं पत्र आलं. शेजारच्या बुकिंग क्लार्ककडून ते लिहवून घ्यायचे. इकडचं तिकडचं झाल्यावर शेवटी एक ओळ होती: शांताला सासरी विहिरीवर पाणी ओढताना भोवळ येते, सासूबाई म्हणतात सोंग करते. मी ती ओळ दोनदा वाचली, पत्राची घडी घातली आणि पेटीत टाकलं. रोज असल्याच भोवळीचा आलेख काढणारा माणूस मी.

दोन महिने झाले नसतील. कारखान्याच्या फाटकाशी मालाने भरलेली लॉरी चिखलात रुतली. सगळे खांदा लावायला धावले, त्यांत राघवेंद्रही. चाक निघालं, सगळ्यांनी आरोळी ठोकली, आणि तो मात्र चिखलातच राहिला. त्याच्या मित्राने येऊन आम्हाला हे सांगितलं तेव्हा डॉक्टर बाहेरच्या रुग्णांत होते. त्यांनी समोरच्या म्हातारीची छाती पूर्ण ऐकली, तिला औषध लिहून दिलं, मग आत जाऊन राघवेंद्राचा कागद काढला आणि खूप वेळ त्या एका रेघेकडे बघत बसले.

तेरावा झाल्यावर आम्ही दोघं त्याच्या घरी गेलो. तिरुवल्लिक्केणीतली अरुंद गल्ली, घराला लांबट ओटा. चुलत्यांनी खुर्ची पुढे केली, पण डॉक्टर ओट्यावरच बसले. तुळजाबाई आतल्या उंबऱ्याशी बसल्या होत्या. त्याच आधी म्हणाल्या, "हाही तसाच गेला."

"तसाच म्हणजे, अम्मा?"

"मोठ्यासारखा. माधव. सोळा वर्षांचा होता. देवळाच्या तळ्यांत पोहला, वर आला, पायरीवर बसला... तसाच."

डॉक्टरांचा हात खिशातल्या कागदावर गेला. "हें मला कां नाहीं सांगितलेंत?"

"तुम्हीं श्राद्धें विचारलींत. त्याचें श्राद्ध कोण करणार? लग्न नाहीं, लेंकरूं नाहीं." त्यांनी चुलत्यांकडे पाहिलं. "आणि मला कोठें विचारलेंत? भाऊजींना विचारलेंत."

"वहिनी, डॉक्टरांशीं असें बोलूं नये," चुलते म्हणाले.

"त्या बरोबर बोलतात," डॉक्टर म्हणाले.

मग त्यांनी विचारलं, या वेळी तुळजाबाईंनाच, आणि त्या सांगत गेल्या. एक नणंद होती, लग्न होऊन कुंभकोणमला दिलेली, ती तिशीच्या आत हंडा उचलताना गेली. तिचं जे काय करायचं ते तिच्या सासरचे करतात; या घराच्या यादीत ती कशी येणार? डॉक्टरांनी गुडघ्यावर कागद पसरला, दोन गोल काढले आणि काळे केले. मी त्यांना इतकं सावकाश लिहिताना कधी पाहिलं नव्हतं. शेवटी कागदाच्या डोक्यावर त्यांनी आणखी दोन रेघा ओढल्या. आता तीन झाल्या. राघवेंद्र नव्हता, तरी ओढल्या. घरात एक धाकटी मुलगी उरली होती, गोदावरी. दुसऱ्या दिवशी तिला तपासलं. तिची छाती स्वच्छ होती, आलेख सरळ होता. ते ऐकल्यावर तुळजाबाई तोंडाला पदर लावून रडल्या. मुलाच्या तेराव्यालाही त्या रडल्या नव्हत्या, असं गोदावरीने सांगितलं.

गल्लीतून चालत येताना डॉक्टर म्हणाले, "श्राद्धांत भटजी तीन पिढ्यांचीं नांवें घेतात. मला वाटायचें, घर तेवढेंच. लग्नाआधीं गेलेला पोर त्यांत नाहीं, दिलेली मुलगी त्यांत नाहीं. आणि हा आजार धरतो कोणाला? त्यांनाच. ज्यांचें नांव कोणी घेत नाहीं, त्यांना शोधणें हेंच माझें काम होतें, वसंता." पुढच्या आठवड्यात डॉक्टरांच्या बैठकीत त्यांनी ही सगळी हकीकत उभं राहून सांगितली. एक तरुण डॉक्टर म्हणाला की नातेवाइकांनी माहिती लपवली, त्याला आपण काय करणार? "त्यांनी लपवली नाही. मी विचारली नाही," एवढंच ते म्हणाले आणि खाली बसले.

त्या दिवसापासून रीत बदलली. खुर्ची मिळायची ती आईला. काका-मामांनी उभं राहायचं. पहिला प्रश्न, "अम्मा, मुलें किती झालीं? सगळीं सांगा, राहिलीं तीं आणि गेलीं तीं." दुसरा, "तुमच्या माहेरीं?" कितीतरी बायकांना माहेरचं कोणी विचारायची ती पहिलीच वेळ असायची. आणि कागद पुरा झाला की खालच्या कोपऱ्यात ते एक गोल काढायचे, कोणत्याही रेघेला न जोडलेला, रिकामा. एकदा मी विचारलं, हा कोणाचा? "अजून सांगितला नाहीं त्याचा," ते म्हणाले.

आणि एक दिवस त्यांनी माझाच जुना कागद माझ्यापुढे ठेवला. त्याच्याही कोपऱ्यात तो गोल काढलेला होता.

"वसंता, तुझा कागद फार स्वच्छ. इतकें स्वच्छ घर असतें की?"

मी खाली मान घालून उभा राहिलो. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. चष्मा पुसत राहिले.

"आज कांहीं सांगूं नको. तुझ्या घरांत ज्या बाईला विचारायचें तिला विचार. रजा पाहिजे तर घे." मग दाराशी गेल्यावर पुन्हा वळून, "आणि तिकडचा चहा खरेंच सुधारला कीं नाहीं तें पण पाहून ये."

मी रजा घेतली. कुर्डुवाडीला काय झालं ते मी तिथूनच त्यांना पत्राने कळवलं. तोंडाने सांगायचं धैर्य मला तेव्हा नव्हतं. त्या पत्राकडे मी शेवटी येतो. रजा संपताना मी शांताला घेऊन मद्रासला परतलो. माझी छाती डॉक्टरांनी आधी ऐकली, बसवून आणि उठवून. मी कान धरले नाहीत, तरी तेच म्हणाले, "कान सोड." माझ्यात काही नव्हतं. शांताच्या छातीत तो आवाज होता, उभी राहिली की वाढणारा. तिच्या कागदावर त्यांनी तीन रेघा ओढल्या.

"भोंवळ केव्हां येते ग, अम्मा?"

"विहिरीवर."

"सासू काय म्हणते?"

"सोंग म्हणती."

"सरि, बरें. सासूला मी पत्र लिहितों. इंग्रजींत लिहितों. वाचतां येणार नाहीं, म्हणून ऐकतील."

त्यांनी खरोखरच लिहिलं, रुग्णालयाचा मोठा शिक्का मारून. सासूबाईंनी ते पत्र स्टेशनमास्तरांकडून वाचून घेतलं आणि देवांच्या फोटोमागे ठेवलं. शांताचा रहाट सुटला. तिचा नवरा भला माणूस. तो स्वतः विहिरीवर जाऊ लागला आणि गावाने त्याला हसायचं तेवढं हसून घेतलं. बाळंतपणाला डॉक्टरांनी तिला मद्रासलाच आणायला लावलं. शेवटचे दोन महिने ती त्यांच्या मैलापूरच्या घरी मामींजवळ राहिली, आणि त्या दिवशी डॉक्टर प्रसूतीच्या खोलीबाहेरच्या बाकावर सकाळपासून बसून होते. मुलीचा आवाज आल्यावर म्हणाले, "फुफ्फुसें चांगलीं आहेत," आणि कॉफी प्यायला निघून गेले. पुढे काही वर्षांनी विलायतेहून हृदय शांत ठेवणारं एक नवं औषध आलं, ते त्यांनी कोणाकोणाला पत्रं लिहून शांतासाठी मिळवलं. दर सहा महिन्यांनी तिची भोवळ, धाप, छातीची धडधड कागदावर उतरायची. दर वेळी ती विचारायची, आता तरी एक रेघ कमी करा की. आणि दर वेळी ते म्हणायचे, "रेघ राहूं दे. तूंही राहा."

सगळ्यांच्या बाबतीत असं झालं नाही. तीन रेघांची माणसं त्यांच्या डोळ्यांसमोर गेली. एका रेघेचीही गेली. काही तीन रेघांची म्हातारी होऊन अजून भांडत आहेत. प्रत्येक वेळी ते तो कागद काढून बघत बसायचे की आपण काय पाहिलं नाही. निवृत्त झाल्यावरही लोक घरी यायचे, आणि समोरच्या ओट्यावर आधी बायका बसायच्या.

मामींचं पत्र आल्यावर तिसऱ्या आठवड्यात मी मद्रासला गेलो. मैलापूरच्या घरात त्यांच्या टेबलावर पेन्सिली तशाच होत्या, चाकूने तासलेल्या. मामींनी मला कॉफी दिली आणि म्हणाल्या, "तुमचा खण त्यांनीं वेगळा ठेवला होता. तुम्हींच उघडा." खणात माझा कागद होता. त्यावर आईच्या माहेरची सगळी फांदी नंतर जोडलेली होती, शांताच्या तीन रेघा होत्या. आणि खालच्या कोपऱ्यातला तो गोल आता रिकामा नव्हता. एक लांब रेघ ओढून तो आमच्या आईवडिलांना जोडला होता आणि काळा भरला होता. शेजारी डॉक्टरांच्या अक्षरात नाव होतं, विठ्ठल, वय पंधरा. सगळ्या कागदावर तेवढंच नाव शाईने लिहिलेलं होतं. मागे टाचणीने माझं पत्र लावलेलं होतं. ते इथे जसंच्या तसं देतो.

तीर्थरूप डॉक्टरसाहेबांच्या सेवेशी, साष्टांग नमस्कार विनंती विशेष.

आपण मला सांगितलंत तसं मी आईला विचारलं. त्याआधी मला कबूल केलं पाहिजे की माझ्या कागदावरचा एक माणूस मी जाणूनबुजून सोडला होता. माझा मोठा भाऊ होता. मी भ्यालो, म्हणून सांगितलं नाही. तुळजाबाईंना कोणी विचारलं नव्हतं. मला तर आपण विचारलं होतंत. याबद्दल आपण जी शिक्षा द्याल ती मी घेईन.

आई अंगणात राखेने भांडी घासत होती. तुझ्या माहेरी कोण कोण लहानपणी गेलं, असं विचारल्यावर म्हणाली, "आता मेलेल्यांना कशाला उठवतोस?" मी तिला राघवेंद्राच्या आईची हकीकत सांगितली. ती एकच तांब्या खूप वेळ घासत राहिली. मग म्हणाली, "लिही." तिचा भाऊ नामदेव, वय बावीस, मिरवणुकीत लेझीम खेळताना पडला. तिच्या बहिणीची मुलगी अकरा वर्षांची, देवीचा डोंगर चढताना. तिसरं नाव सांगायला तिला वेळ लागला. "आणि आमचा विठू," असं म्हणाली. चौदा वर्षांनी मी तिच्या तोंडून ते नाव ऐकलं. वडील दारात उभे होते, आम्हाला माहीत नव्हतं. ते म्हणाले, "तो पहिला आला होता. त्याचं बक्षीस शाळेतच राहिलं."

मी उद्याच शांताच्या सासरी जातो आहे आणि गुरुवारच्या मेलने तिला घेऊन निघतो. तिला भोवळ येते हे मला चार महिन्यांपासून माहीत होतं. डॉक्टर रागावतात का, असं ती विचारील. मी सांगेन की रागावत नाहीत, उठाबशा काढायला लावतात. माझीही छाती आपण तपासावी.

स्टेशनवरचा चहा आहे तसाच आहे. मुलाखतीत मी तेही खोटं बोललो होतो.

कोपऱ्यातला गोल आता भरावा. विठ्ठल, वय पंधरा. आईने विचारलं, तुझे डॉक्टर कशाने लिहितात? मी म्हटलं, पेन्सिलीने. तेव्हा तिने निरोप सांगितला आहे तो तिच्याच शब्दांत लिहितो: "त्यांना म्हणावं, बाकीच्यांचं कसंही लिहा. आमच्या विठूचं तेवढं शाईनं लिहा."

आपला,
वसंत